लशीचा राखणदार : औषधनिर्माता

लसीकरण म्हटले की डोळ्यांसमोर उभी राहते ती सुई हाती घेतलेली आरोग्यसेविका आणि आईच्या मांडीवर रडणारे मूल. हे चित्र खोटे नाही, परंतु ते अपुरे आहे. सुईतील थेंबात रोग थोपविण्याची शक्ती शिल्लक आहे किंवा नाही, हे त्या क्षणी कोणालाच डोळ्यांनी पाहता येत नाही. ती शक्ती टिकविण्याचे काम त्याआधी कित्येक दिवस, कारखान्यापासून गावापर्यंत, अनेक हातांनी केलेले असते. या हातांपैकी एक महत्त्वाचा हात औषधनिर्मात्याचा आहे. लसीकरणाच्या यशाची चर्चा होताना त्याचा उल्लेख क्वचितच होतो. म्हणूनच त्याचे काम काय, ते कसे चालते आणि पुढे त्याच्याकडून कोणत्या अपेक्षा करता येतील, याचा विचार करणे अगत्याचे आहे.

वणी परिसर

वणी हे यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्व भागातील तालुक्याचे ठिकाण. लोकनायक बापूजी अणे यांचे हे जन्मगाव. गावाजवळून निर्गुडा नदी वाहते. वर्धा नदीच्या पलीकडे चंद्रपूर जिल्हा लागतो आणि दक्षिणेस पैनगंगा ओलांडली की तेलंगणाची हद्द सुरू होते. काळ्या जमिनीवर कापूस, जमिनीखाली दगडी कोळसा आणि राजूर परिसरात चुन्याच्या भट्ट्या असा या भागाचा संसार आहे. जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने, खाणी आणि भट्ट्या यांमुळे येथे कामासाठी बाहेरून येणाऱ्या कुटुंबांची वर्दळ असते. शेजारच्या मारेगाव आणि झरी-जामणी तालुक्यांत कोलाम या आदिम जमातीचे पोड, म्हणजे वस्त्या, विखुरलेल्या आहेत.

लसीकरणाच्या दृष्टीने या वर्णनातील प्रत्येक गोष्टीला अर्थ आहे. हंगामापुरते स्थलांतर करणाऱ्या कुटुंबातील मुलाचा पहिला डोस एका जिल्ह्यात आणि दुसरा दुसऱ्या जिल्ह्यात पडतो. कधी तो पडतच नाही. विखुरलेल्या पोडांपर्यंत लस पोहोचवायची तर ती आरोग्य केंद्रातून सकाळी निघून, काही तास प्रवास करून, तरीही थंड राहिली पाहिजे. मे महिन्यात या भागात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या घरात जातो. माणसाला नकोशी होणारी ही उष्णता लशीला तर मारकच असते. बालकांना द्यावयाच्या लशी आरोग्य केंद्रात २ ते ८ अंश तापमानात ठेवाव्या लागतात. बाहेरचे ४५ अंश आणि पेटीतील ८ अंश यांतील अंतर दररोज, सुटीच्या दिवशीसुद्धा, राखणे हेच या कामाचे खरे स्वरूप होय.

हातावरून हातावर आलेली लस

लस टिकविण्याचा प्रश्न लशीइतकाच जुना आहे. देवीची लस भारतात आली ती मुंबईत. १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचण्यात आली. बगदाद आणि बसरा या मार्गाने ती मुंबईस पोहोचली होती. त्या काळी बर्फाची यंत्रे नव्हती. एका व्यक्तीच्या दंडावर फोड आला की त्यातील लस दुसऱ्याच्या दंडावर टोचावयाची, अशा मानवी साखळीने ती जिवंत ठेवली जात असे. ही साखळी कोठे तुटली की पुढचा प्रांत लशीला मुकत असे.

पुढे गाई-वासरांपासून लस तयार होऊ लागली. तथापि ती द्रवरूप लस उन्हाळ्यात टिकत नसे. त्यामुळे लस टोचण्याचे काम मुख्यतः हिवाळ्यात चाले. गावोगावी फिरणाऱ्या लसटोचकाला लोक 'देवी डॉक्टर' म्हणत. भारतात १९६२ साली राष्ट्रीय देवी निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. त्यानंतर शीतशुष्क लस मोठ्या प्रमाणावर वापरात आली. ही लस उष्णता बऱ्याच अंशी सोसत असे आणि हीच गोष्ट मोहिमेच्या यशास मोठा हातभार लावणारी ठरली. मे १९७५ मध्ये देशातील देवीचा अखेरचा रुग्ण नोंदला गेला आणि एप्रिल १९७७ मध्ये भारत देवीमुक्त जाहीर झाला. देवीच्या उच्चाटनाचे श्रेय लस टोचणाऱ्यांना आहे, तसेच न बिघडणारी लस तयार करणाऱ्यांना आणि ती जपणाऱ्यांनाही आहे.

आजच्या बहुतेक लशी मात्र इतक्या सोशिक नाहीत. १९७८ मध्ये विस्तारित लसीकरण कार्यक्रम आणि १९८५ मध्ये सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम सुरू झाला. त्यानंतर लशींची संख्या वाढत गेली. क्षयरोग, पोलिओ, घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ-ब, गोवर, रुबेला, रोटाव्हायरसचा अतिसार आणि न्यूमोकोकसचा न्यूमोनिया या सर्वांपासून संरक्षण देणाऱ्या लशी आज शासकीय केंद्रांत विनामूल्य मिळतात. जितक्या लशी अधिक, तितके त्यांचे साठे, मुदती आणि नियम अधिक. येथेच प्रशिक्षित औषधनिर्मात्याची गरज भासते.

शीतसाखळीची गावाकडील कडी

औषधनिर्माणशास्त्राची पदविका दोन वर्षांची असून त्यानंतर ५०० तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण घ्यावे लागते. औषध कशात विरघळते, कशाने बिघडते, किती काळ टिकते आणि कशाबरोबर देऊ नये, हे या शिक्षणाचे सार होय. भारतात या शास्त्राच्या विद्यापीठीय शिक्षणाचा पाया प्रा. महादेवलाल श्रॉफ यांनी १९३२ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात घातला. १९४८ च्या औषधशाला अधिनियमाने, म्हणजेच फार्मसी ॲक्टने, या व्यवसायाला कायद्याचे अधिष्ठान दिले. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषध नोंदणीकृत औषधनिर्मात्याखेरीज अन्य कोणी देऊ नये, हे तत्त्व या कायद्याने प्रस्थापित केले.

प्राथमिक आरोग्य केंद्रात औषधभांडार औषधनिर्माण अधिकाऱ्याच्या ताब्यात असते. लशींच्या शीतयंत्रांची जबाबदारी अनेक ठिकाणी त्याच्याकडे, तर काही ठिकाणी आरोग्य सहायिकेकडे सोपविलेली असते. जिल्ह्याच्या लसभांडारातून लस केंद्रात येते. तेथे दोन यंत्रे असतात. एक 'आयएलआर', म्हणजे भिंतींना बर्फाचे अस्तर असलेला शीतकपाट. वीज गेली तरी हे अस्तर आतील थंडावा काही तास टिकवून धरते. दुसरा 'डीप फ्रीझर'. आरोग्य केंद्रात त्यात लस ठेवीत नाहीत. लसीच्या पेटीत घालावयाची बर्फाची पाकिटे तेवढी त्यात गोठवितात.

आयएलआरमध्ये कोणती लस कोठे ठेवावयाची, याचेही शास्त्र आहे. तळाशी थंडी सर्वांत अधिक असते. तोंडावाटे द्यावयाची पोलिओची लस आणि गोवर-रुबेलाची लस यांना उष्णतेचे भय अधिक, म्हणून त्यांची जागा खाली. पेंटाव्हॅलंट, कावीळ-ब, धनुर्वात-घटसर्प या लशींना गोठण्याचे भय अधिक, म्हणून त्या वरच्या टोपलीत. तापमापक आत कायम ठेवावयाचा आणि दिवसातून दोनदा, सकाळी व सायंकाळी, त्यावरील आकडा वहीत लिहावयाचा. या कपाटात लशीखेरीज दुसरे काहीही, मग ते पिण्याचे पाणी असो, डबा असो वा दुसरे औषध असो, ठेवावयाचे नाही. दार वारंवार उघडावयाचे नाही. जी लस आधी मुदत संपणारी, ती आधी बाहेर काढावयाची. हे नियम वाचताना साधे वाटतात. परंतु वर्षाचे ३६५ दिवस ते पाळणे ही साधना आहे.

उष्णतेने लस बिघडली की नाही हे ओळखण्यासाठी कुपीवर एक खूण असते. फिकट चौकोन आणि त्याभोवती गडद वर्तुळ अशी ती खूण असते. लशीला जसजशी उष्णता लागते, तसतसा चौकोन गडद होत जातो. चौकोन वर्तुळापेक्षा फिकट आहे तोवर लस वापरता येते. तो वर्तुळाच्या रंगाचा किंवा त्याहून गडद झाला की कुपी बाद. ही खूण मागे फिरत नाही. एकदा उन्हात तापलेली लस पुन्हा शीतपेटीत ठेवली म्हणून सुधारत नाही, हा धडा ती खूण प्रत्येकाला देते.

गोठलेली लस ओळखावी कशी?

लोकांचा, आणि कधी कधी कर्मचाऱ्यांचाही, असा समज असतो की लस जितकी थंड तितकी चांगली. हा समज घातक आहे. पेंटाव्हॅलंट, कावीळ-ब, धनुर्वात यांसारख्या लशींत ॲल्युमिनियमच्या क्षारावर प्रतिजन बसविलेले असतात. अशी लस गोठली की क्षाराचे कण एकमेकांना चिकटून गठ्ठे बनतात आणि लशीचा प्रभाव जातो. बर्फ वितळल्यावर ती पुन्हा द्रवरूप दिसते. कुपीवरील चौकोनही फिकटच राहतो, कारण तो उष्णता मोजतो, गोठणे मोजीत नाही. अशी लस टोचून घेतलेल्या मुलाच्या कार्डावर खूण होते, आई निश्चिंत होते, परंतु मुलाला पुरेसे संरक्षण मिळालेले नसते. लसीकरणातील ही सर्वांत फसवी हानी होय, कारण ती रोग येईपर्यंत कळत नाही.

यावर दोन उपाय आहेत. पहिला म्हणजे प्रतिबंध. डीप फ्रीझरमधून काढलेले बर्फाचे पाकीट लगेच लसवाहक पेटीत घालावयाचे नाही. ते बाहेर ठेवून त्यावर पाण्याचे थेंब जमू द्यावयाचे. पाकीट कानाजवळ हलविले असता आत पाणी खळखळल्याचा आवाज आला, की ते पेटीत ठेवण्यास योग्य झाले. लसीकरणाच्या सकाळी आरोग्यसेविका घाईत असते, गाडी उभी असते; अशा वेळी हा थोडा वेळ थांबण्याचा आग्रह धरणारा कोणी तरी केंद्रात असावा लागतो.

दुसरा उपाय म्हणजे हलवून पाहण्याची चाचणी. त्याच लशीची, त्याच बॅचची एक कुपी मुद्दाम पूर्ण गोठवून नंतर वितळवितात. ती आणि संशयित कुपी दोन्ही एकत्र हलवून शेजारी शेजारी ठेवतात. गोठलेल्या कुपीतील साका झपाट्याने तळाशी बसतो. संशयित कुपीतील साका तितक्याच वेगाने बसू लागला, तर तीही गोठलेली होती असे समजून ती बाद करावयाची. या चाचणीला प्रयोगशाळा लागत नाही. धीर, नजर आणि शिस्त लागते.

द्रावक, चार तास आणि अठ्ठावीस दिवस

बीसीजी आणि गोवर-रुबेला या लशी भुकटीच्या रूपात येतात. टोचण्यापूर्वी त्या त्यांच्या ठरावीक द्रावकात मिसळाव्या लागतात. ज्या लशीचे द्रावक, तेच तिच्यासाठी वापरावयाचे आणि तेही आधीपासून थंड करून ठेवलेले. मिसळल्यापासून चार तासांच्या आत ती लस वापरावयाची; उरली तर फेकावयाची. याचे कारण असे की या लशींत जंतूंची वाढ रोखणारे द्रव्य नसते. कुपीत बाहेरचे जंतू शिरले तर काही तासांत त्यांची संख्या आणि विष दोन्ही वाढतात. म्हणून कुपीवर मिसळल्याची वेळ लिहिणे अनिवार्य आहे.

याउलट पेंटाव्हॅलंट, कावीळ-ब, धनुर्वात-घटसर्प, पोलिओ यांसारख्या लशींची उघडलेली कुपी, ठरावीक अटी पाळल्या असतील तर, २८ दिवसांपर्यंत पुढील सत्रांत वापरता येते. मुदत संपलेली नसावी, कुपीवरील चौकोन फिकट असावा, कुपी थंड साखळीतच राहिलेली असावी आणि उघडल्याची तारीख व वेळ तिच्यावर लिहिलेली असावी, या त्या अटी होत. सायंकाळी सत्र संपल्यावर परत आलेल्या कुप्यांतून कोणती ठेवावयाची आणि कोणती बाद करावयाची, हा निर्णय भांडार सांभाळणाऱ्याचा असतो. चुकीची कुपी ठेवली तर मुलाला धोका. योग्य कुपी फेकली तर शासनाचा पैसा वाया आणि दुसऱ्या मुलाचा डोस बुडाला.

द्रावकाच्या बाबतीतील दुर्लक्ष किती महागात पडते, याचे एक दारुण उदाहरण २०१४ मध्ये सीरियातील इदलिब भागात घडले. गोवराच्या लशीच्या द्रावकाऐवजी शस्त्रक्रियेच्या वेळी स्नायू शिथिल करण्यासाठी वापरले जाणारे औषध चुकून मिसळले गेले आणि १५ बालके दगावली. शीतकपाटात लशीखेरीज अन्य औषध ठेवू नये, हा वर सांगितलेला नियम अशाच अनुभवांतून आलेला आहे.

नोंदीचे मोल

लस आणि औषधभांडार यांचा संबंध समजून घ्यावयाचा तर महाराष्ट्राच्या इतिहासातच एक प्रसंग सापडतो. मुंबईत प्लेगने थैमान घातले असता वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढे परळ येथील त्यांच्या प्रयोगशाळेतून ही लस देशभर जाऊ लागली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल या गावी १०७ जणांना ती टोचण्यात आली. त्यांपैकी १९ जणांना धनुर्वात होऊन ते मरण पावले. दोष हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर आला आणि त्यांना पद सोडावे लागले.

मात्र हे १९ जण एकाच कुपीतून लस घेतलेले होते. अन्य कुप्यांतून लस घेतलेल्यांना काहीही झाले नव्हते. कोणाला कोणत्या कुपीतून लस दिली याची नोंद असल्यामुळेच हे उघड झाले. त्या कुपीचे बूच काढताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता, हेही पुढे पुराव्यात आले. कुपी मुंबईत नव्हे, तर गावात उघडताना दूषित झाली असावी, असा युक्तिवाद शास्त्रज्ञांनी मांडला आणि १९०७ मध्ये हाफकिन यांच्यावरील ठपका दूर झाला. परळची ती प्रयोगशाळा १९२५ पासून हाफकिन संस्था या नावाने ओळखली जाते. कुपीचा क्रमांक लिहून ठेवणे ही कारकुनी बाब नव्हे, हे या घटनेने कायमचे शिकविले आहे.

यवतमाळ जिल्ह्यानेही अलीकडे एक धडा घेतला आहे. ३१ जानेवारी २०२१ रोजी पल्स पोलिओ मोहिमेच्या दिवशी घाटंजी तालुक्यातील कापसी-कोपरी येथे पाच वर्षांखालील १२ बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजी हात स्वच्छ करण्याच्या सॅनिटायझरचे थेंब दिले गेले. बालकांना यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखल करण्यात आले आणि सुदैवाने ती सर्व बरी झाली. या घटनेत व्यक्तींच्या चुकीबरोबरच व्यवस्थेचा विचार होणे आवश्यक आहे. लशीची कुपी मोजून देणे, मोजून परत घेणे, प्रत्येक सत्रासाठी नेमके काय पाठविले याची यादी करणे आणि देण्यापूर्वी कुपीवरील नाव मोठ्याने वाचणे, या औषधभांडाराच्या सवयी लसीकरणाच्या बुथापर्यंत पोहोचल्या तर अशा चुकीला वावच राहणार नाही. औषध देण्यापूर्वी चिठ्ठी एकदा, बाटली एकदा आणि देताना पुन्हा एकदा वाचावी, हा औषधनिर्मात्याला पहिल्या वर्षी शिकविला जाणारा संस्कार आहे.

मागणीचा हिशेब

लस कमी पडली तर दूरवरून मूल घेऊन आलेली आई परत जाते आणि पुन्हा येईलच याचा भरवसा नसतो. लस अधिक मागविली तर ती मुदतबाह्य होते. म्हणून मागणीचा हिशेब काटेकोर असावा लागतो. समजा, एखाद्या केंद्राच्या क्षेत्रात एका ठरावीक काळात १०० बालकांना पेंटाव्हॅलंटचे प्रत्येकी तीन डोस द्यावयाचे आहेत. म्हणजे ३०० डोस झाले. वापरात दहा टक्के लस वाया जाते असे धरले तर ३०० ला १.११ ने गुणावयाचे, म्हणजे ३३३ डोस. एका कुपीत १० डोस असतील, तर ३४ कुप्या लागतील. त्या प्रमाणात सुया, कार्डे आणि शीतकपाटात तितकी जागाही लागते.

हा हिशेब पूर्वी केवळ वह्यांवर चाले. २०१५ पासून 'ईविन' ही संगणकीय व्यवस्था देशात टप्प्याटप्प्याने आली. तिच्यामुळे प्रत्येक शीतकेंद्रातील साठा आणि तापमान भ्रमणध्वनीवरून वरिष्ठ कार्यालयाला दिसू लागले. मात्र यंत्र तेवढेच सांगते जेवढे त्यात भरले जाते. खाणीवर नवे मजूर आले, कापूस वेचणीला बाहेरची कुटुंबे आली, एखादा पोड हंगामापुरता रिकामा झाला, ही माहिती आशा स्वयंसेविकेकडून भांडारापर्यंत वेळेवर आली तरच मागणीचा आकडा खरा ठरतो. म्हणून औषधनिर्मात्याने भांडाराच्या दारात न थांबता आरोग्यसेविका आणि आशा यांच्या बैठकीत बसणे हिताचे असते.

औषधाच्या दुकानातील औषधनिर्माता

शासकीय केंद्राबाहेरही एक औषधनिर्माता आहे आणि तो बाजारपेठेत बसतो. वणीसारख्या गावात ताप आला, कुत्रा चावला, पायात खिळा गेला की अनेकांची पावले प्रथम औषधाच्या दुकानाकडे वळतात. लशी या १९४५ च्या औषध नियमांतील 'सी' परिशिष्टात मोडतात. त्यांच्या किरकोळ विक्रीसाठी दुकानदाराला वेगळा परवाना घ्यावा लागतो. त्या योग्य तापमानात ठेवण्याची आणि नोंदणीकृत औषधनिर्मात्याच्या देखरेखीखाली विकण्याची जबाबदारी त्याच्यावर असते.

दुकानातून घेतलेली लस रुग्णाच्या हातात पडल्यावर पुढे काय होते, हा प्रश्न मात्र बहुधा कोणी विचारीत नाही. उन्हाळ्याच्या दुपारी साध्या पिशवीत घालून, मोटारसायकलीवरून तासभर प्रवास करून ती डॉक्टरांपर्यंत पोहोचत असेल, तर दुकानातील थंड कपाटाचा उपयोग तो काय? लस देताना थंड पाकिटासह पेटीत देणे, ती थेट बर्फाला न टेकेल अशी ठेवणे आणि 'सरळ दवाखान्यात जा' असे बजावणे एवढे जरी झाले तरी मोठे काम होईल.

श्वानदंशाच्या बाबतीत तर औषधनिर्मात्याचे दोन शब्द प्राण वाचवू शकतात. रेबीज झाल्यावर तो जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. वेळेवर आणि पूर्ण लस घेतली तर तो टळतो. जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी, तिच्यावर हळद, मिरची वा चुना लावू नये आणि त्वरित शासकीय रुग्णालय गाठावे, हे दुकानात आलेल्या माणसाला तेथेच सांगता येते. स्नायूंत टोचावयाची लस चाव्यानंतरच्या पहिल्या दिवशी आणि मग ३, ७, १४ व २८ व्या दिवशी घ्यावी लागते. शासकीय रुग्णालयांत त्वचेत टोचण्याच्या पद्धतीने ती पहिल्या दिवशी आणि ३, ७ व २८ व्या दिवशी देतात. जखम खोल असेल तर लशीबरोबर प्रतिद्रव्याचे इंजेक्शनही लागते. जखम भरली की लोक उरलेले डोस सोडून देतात. पुढील तारखा कागदावर लिहून देणे आणि त्या दिवशी रुग्ण आला नाही तर आठवण करून देणे, हे काम दुकानातील औषधनिर्माता सहज करू शकतो.

लहान मुलांच्या बाबतीतही असेच आहे. लस टोचल्यानंतर येणारा हलका ताप वा दंडावरील सूज पाहून घरची माणसे घाबरतात आणि दुकानात येतात. त्या वेळी 'हा ताप बहुधा एक-दोन दिवसांत उतरतो. परंतु मूल सुस्त पडले, झटके आले वा ताप वाढत गेला तर तत्काळ दवाखाना' असे स्पष्ट सांगणारा माणूस हवा. येथे नको ते औषध हाती दिले गेले, वा 'लशीमुळेच असे होते' असा शेरा मारला गेला, तर ते कुटुंब पुढच्या डोसाला येत नाही. गैरसमजाची सुरुवात कधी कधी अशा एका वाक्यातून होते आणि त्याचे निराकरणही एका वाक्याने होऊ शकते.

सुई कोणाच्या हाती असावी?

आता एक प्रश्न उरतो. औषधनिर्मात्याने लस जपावी, समजावून सांगावी, हे सर्वांना मान्य आहे. त्याने ती टोचावी काय? काही देशांत याचे उत्तर 'होय' असे दिले गेले आहे. अमेरिकेत १९९४ मध्ये वॉशिंग्टन राज्यात औषधनिर्मात्यांना लस टोचण्याचे पद्धतशीर प्रशिक्षण देण्यास आरंभ झाला आणि २००९ पर्यंत तेथील सर्व ५० राज्यांनी त्यांना हा अधिकार दिला. पोर्तुगालने २००७ मध्ये आणि आयर्लंडने २०११ मध्ये तसाच निर्णय घेतला. इंग्लंडमध्ये २०१५ पासून औषधाच्या दुकानांत फ्ल्यूची लस देण्याची राष्ट्रीय सेवा सुरू झाली.

भारतात नित्याच्या लसीकरणात हे काम आरोग्यसेविका, परिचारिका आणि डॉक्टर करतात. मात्र कोविडच्या साथीत एक वेगळे पाऊल पडले. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत लसीकरण अधिकारी म्हणून डॉक्टर, परिचारिका आणि आरोग्यसेविका यांच्या जोडीने औषधनिर्मात्याचाही उल्लेख करण्यात आला. १६ जानेवारी २०२१ रोजी सुरू झालेल्या त्या मोहिमेने २१ ऑक्टोबर २०२१ रोजी १०० कोटी आणि १७ जुलै २०२२ रोजी २०० कोटी डोसांचा टप्पा ओलांडला. प्रसंग पडल्यास हाताशी असलेले शिक्षित मनुष्यबळ वापरता येते, ही जाणीव त्या सूचनेमागे होती.

तथापि परदेशातील व्यवस्था जशीच्या तशी उचलून आणणे शहाणपणाचे ठरणार नाही. लस टोचल्यावर क्वचित तीव्र ॲलर्जीची प्रतिक्रिया येते आणि तिच्यावर काही मिनिटांत ॲड्रिनालिन द्यावे लागते. म्हणूनच लस घेतलेल्यास अर्धा तास थांबवून ठेवतात. रस्त्याला तोंड असलेल्या अरुंद दुकानात ही सोय कोठून होणार? त्यासाठी स्वतंत्र खोली, प्रशिक्षण, आपत्कालीन औषधसंच, जवळच्या रुग्णालयाशी संपर्क आणि प्रत्येक डोसाची शासकीय नोंद या पाच गोष्टी आधी हव्यात. शिवाय दुकानाचा व्यवहार विक्रीचा असल्याने मोफत मिळणारी लस तेथे विकत घ्यावी लागणार नाही, याचीही दक्षता हवी. खाणीवरील वा भट्टीवरील मजुराला शासकीय केंद्र हाच आधार आहे. तो दुबळा होता कामा नये. प्रौढांच्या लशींपासून आणि जेथे या सोयी आहेत अशा मोठ्या रुग्णालयांच्या औषधविभागांपासून प्रयोग करून पाहणे हा मधला मार्ग असू शकतो.

जबाबदारीची वाटणी

सुई हाती येवो वा न येवो, औषधनिर्मात्याचे आजचे कामही थोडे नाही. भारतात पोलिओचा अखेरचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी देश असलेला विभाग पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. सर्व लशींत उष्णतेने सर्वांत लवकर बिघडणारी लस वापरून हे यश मिळविले गेले, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. हजारो शीतकपाटांसमोर उभे राहून दिवसातून दोनदा तापमान लिहिणाऱ्या कर्मचाऱ्यांचा त्यात वाटा आहे.

नागरिकांचेही काही कर्तव्य आहे. मुलाचे लसीकरण कार्ड जपून ठेवावे आणि कामासाठी गाव सोडताना ते बरोबर न्यावे; कोणत्याही जिल्ह्यातील शासकीय केंद्रात पुढील डोस घेता येतो. लस टोचण्यापूर्वी तिचे नाव, मुदत आणि कुपीवरील चौकोन दाखविण्याची विनंती करण्यात काहीही गैर नाही. चांगला कर्मचारी ती आनंदाने दाखवील. लस घेतल्यावर अर्धा तास केंद्रात थांबावे. दुकानातून लस घ्यावयाची झाल्यास पावती घ्यावी, तिच्यावर बॅच क्रमांक आहे याची खात्री करावी आणि लस थंड पेटीतूनच न्यावी.

वणीच्या बाजारपेठेतील दुकान असो वा कायर-शिरपूरच्या वाटेवरील गाव असो, लशीचा प्रवास शेवटी एका मुलाच्या दंडापाशी संपतो. त्या मुलाला मिळणारे संरक्षण कुपीतील थेंबांइतकेच खरे असते आणि तो थेंब खरा ठेवण्याचे काम ज्याच्याकडे आहे, त्याला प्रशिक्षण, साधने आणि मान देणे हे लसीकरणाच्या कामाचेच एक अंग मानले पाहिजे.